श्रू, उंदीर, वळू आणि आपण: जोडगुणसूत्रांमागचे किस्से

हारवेल हे ब्रिटनच्या अणुसंशोधनाचं माहेरघर. हवाई दलाच्या जुन्या तळावर उभ्या राहिलेल्या या केंद्रात १९४७ साली देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. पण १९५०च्या दशकात याच आवारातल्या एका प्रयोगशाळेत काही माणसं कुरणातून पकडून आणलेल्या, जेमतेम दहा ग्रॅम वजनाच्या श्रूंची गुणसूत्रं मोजत बसलेली असायची. आपल्याकडे रात्री भिंतीच्या कडेकडेने पळणारी चिचुंद्री याच कुळातली. बाहेर अणुयुगाची धामधूम आणि आत चिचुंद्रीच्या चुलत बहिणीची मोजदाद!

माझी सगळी नोकरी ब्रिटनमधल्या गुणसूत्रांच्या लॅबमध्ये गेली. काचपट्ट्या वाळायला ठेवल्या की चहा व्हायचा, आणि चहाबरोबर जुन्या लोकांच्या गोष्टी निघायच्या. आवडलेल्या गोष्टींचे मूळ शोधनिबंध मी नंतर काढून वाचले. त्यातल्या बऱ्याच गोष्टी एकाच प्रश्नाभोवती फिरतात: दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून एक झाली, तर त्या प्राण्याला पिल्लं होतात का?

अंगठ्याखालचं विज्ञान

हारवेलच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलच्या रेडिओबायोलॉजी युनिटमध्ये गुणसूत्रांचं काम पाहणारे चार्ल्स फोर्ड मूळचे वनस्पतिशास्त्रातले. किरणोत्सर्गाने गुणसूत्रं तुटतात कशी, जोडली जातात कशी, हे शोधायचं तर आधी ती नीट दिसायला हवीत. फोर्ड आणि त्यांचे सहकारी जॉन हॅमरटन यांनी १९५६ साली सस्तन प्राण्यांसाठी एक कृती छापली आणि ती पुढे लॅबोलॅबी पोचली. आधी कोल्चिसिन द्यायचं. आपल्या कळलावीच्या कंदातही हेच द्रव्य असतं. त्याने विभाजन ऐन मध्यावर थांबतं. मग पेशी सायट्रेटच्या सौम्य द्रावणात ठेवून फुगवायच्या, म्हणजे आतली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात. शेवटी रंग देऊन कव्हरस्लिप ठेवायची आणि वरून अंगठ्याने सरळ दाबायचं. दाब कमी पडला तर गुणसूत्रांचा गुंता तसाच राहतो. अंगठा तसूभर सरकला तर पेशी फुटते, शेजारच्या पेशीची गुणसूत्रं हिच्यात येऊन पडतात आणि मोजणी वाया जाते. नव्या मुलांना आम्ही सगळ्यात आधी हा अंगठा शिकवायचो.

याच काळात स्वीडनमध्ये त्यिओ आणि लेव्हान यांनी माणसाची गुणसूत्रं ४६ असल्याचं दाखवलं. त्याआधी तीसेक वर्षं सगळं जग ४८ धरून चाललं होतं. फोर्ड आणि हॅमरटन यांनी त्याच वर्षी पुरुषांच्या वृषणातल्या पेशी तपासल्या. शुक्राणू तयार होताना, म्हणजे अर्धसूत्री विभाजनात, आईकडची आणि वडिलांकडची गुणसूत्रं जोडीने उभी राहतात. त्या जोड्या २३ भरल्या आणि ४६च्या आकड्यावर शिक्कामोर्तब झालं.

श्रूच्या बाबतीत मात्र असा एक आकडा हाती लागेना. ऑस्ट्रेलियन प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्री शर्मन यांनी १९५६ साली दाखवलं, की या जातीच्या मादीत दोन एक्स असतात, पण नरात एका एक्सच्या जोडीला दोन वाय असतात. कारण फार पूर्वी एक साधं गुणसूत्र एक्सला जोडलं गेलं होतं. पुढच्या वर्षी फोर्ड, हॅमरटन आणि शर्मन या तिघांनी आणखी चकित करणारी गोष्ट छापली. एकाच जातीच्या, दिसायला सारख्या श्रूंच्या गुणसूत्रांची संख्या वेगवेगळी होती. ठरावीक दोन-दोन गुणसूत्रं काहींमध्ये जोडलेली असत, काहींमध्ये सुटीच. गुणसूत्रांच्या भुजा मोजल्या तर हिशेब तोच. माल काही हरवलेला नव्हता. फक्त बांधणी बदलली होती.

अशा जोडणीला रॉबर्टसोनियन म्हणतात, कारण अमेरिकेतल्या डब्ल्यू. आर. बी. रॉबर्टसन यांनी १९१६ साली नाकतोड्यांचा अभ्यास करताना ती ओळखली. तिचा त्रास कुठे होतो, हे पुस्तकांवरून लगेच कळतं. समजा वडिलांकडून एका ग्रंथाचे दोन सुटे खंड आले आणि आईकडून तोच ग्रंथ एका बांधणीत आला. वाचायला काहीच अडत नाही, मजकूर पूर्ण आहे. अडचण येते वाटणीच्या वेळी. एका मुलाला बांधीव ग्रंथ आणि दुसऱ्याला दोन्ही सुटे खंड गेले तर हिशेब बरोबर. बांधीव ग्रंथाबरोबर एक सुटा खंडही गेला, की एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी. पेशीत या तिघांची साखळी होते. आम्ही तिला ट्रायव्हॅलंट म्हणतो. साखळी बरोबर फुटली तर पिल्लू निरोगी. चुकीची फुटली तर गर्भ बहुधा टिकत नाही.

कुरणातली सीमारेषा

मग श्रूंची पैदास घटलेली दिसायला हवी होती. ती तशी दिसेना. या प्रश्नाचा पाठपुरावा केला तो जेरेमी सर्ल यांनी. त्यांनी ॲबर्डीनमध्ये डॉक्टरेट केली, पुढे ऑक्सफर्ड आणि यॉर्कला काम केलं. आज युरोपभर या श्रूचे ७०हून अधिक गुणसूत्रीय वंश नोंदले गेले आहेत. ब्रिटनमध्ये ॲबर्डीन, ऑक्सफर्ड, हर्मिटेज असे वंश आहेत. हर्मिटेज हे बर्कशरमधलं एक गाव.

श्रू पकडणं हे मोठं जिकिरीचं काम. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेला लाँगवर्थ पिंजरा ॲल्युमिनियमचा असतो. पुढे बोगदा, मागे डबा. डब्यात वाळलेलं गवत कोंबायचं, नाहीतर जनावर थंडीने जातं. उंदराला धान्य चालतं. श्रूसाठी माशीचे कोष ठेवावेच लागतात, कारण काही तास पोटात अन्न नसलं तर तो मरतो. म्हणून फेऱ्या सारख्या माराव्या लागतात, पहाटेही. आज ब्रिटनमध्ये श्रू पकडायला रीतसर परवाना लागतो.

एवढा खटाटोप करून सर्ल यांनी तपासलं, तेव्हा एखाद-दुसरी जोडणी असलेल्या संकरित श्रूंचं विभाजन जवळजवळ बिनचूक चालल्याचं आढळलं. साखळीतली दोन सुटी गुणसूत्रं मुकाट्याने एका बाजूला, जोडगुणसूत्र दुसऱ्या बाजूला. पण ऑक्सफर्ड आणि हर्मिटेज वंश जिथे भेटतात तिथे परीक्षा कठीण असते. श्रूच्या गुणसूत्रभुजांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. ऑक्सफर्डकडे के-क्यू आणि एन-ओ अशा जोड्या, तर हर्मिटेजकडे के-ओ जोडलेलं आणि एन, क्यू सुटे. दोघांचं पिल्लू झालं की तिघांऐवजी पाच गुणसूत्रांची साखळी तयार होते. जितकी साखळी लांब, तितकी चूक होण्याची शक्यता जास्त.

यावर निसर्गाने काढलेला तोडगा सर्ल यांनी १९८६ साली मांडला. सीमेच्या मधल्या पट्ट्यात सुट्या गुणसूत्रांचं प्रमाण वाढलेलं होतं. सुटी गुणसूत्रं असलेला श्रू कोणत्याही बाजूच्या जोडीदाराशी जुळला, तरी साखळी तिघांच्या पुढे जात नाही. दोन हटवादी शेजाऱ्यांमध्ये कोणाशीही जमवून घेणारी वस्ती उभी राहिली होती. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून ती शेवटपर्यंत वाचून काढली. नैसर्गिक निवड इतकी हाताशी, इंग्लंडच्या गवतात, क्वचितच दिसते.

बेटावर सोडलेले पाहुणे

उंदरांचा किस्सा याहून धाडसी आहे. स्वित्झर्लंडच्या पोस्कियावो खोऱ्यातला तंबाखू-उंदीर १८६९ पासून वेगळी जात म्हणून नोंदलेला होता. १९७० साली आल्फ्रेड ग्रोप यांनी त्याची गुणसूत्रं मोजली. साध्या उंदराची ४०, याची २६. सात जोडण्या झालेल्या होत्या. प्रयोगशाळेतल्या उंदराशी त्याचा संकर केला की विभाजनात एकदम सात साखळ्या उभ्या राहत, वाटणीत चुका होत आणि बरेच गर्भ दगावत. जोडणी म्हणजे वंध्यत्व, हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं ते या प्रयोगांमुळे.

तेवढ्यात स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, केथनेसमध्ये, जॉन ओ'ग्रोट्सच्या आसपासच्या शेतांत ३२ गुणसूत्रांचे घरउंदीर सापडले. समोरच्या ऑर्कनी बेटांवरही जोडगुणसूत्रांचे उंदीर निघाले. या बेटांवरच्या उंदरांचा ध्यास घेतला होता लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे आर. जे. बेरी यांनी. त्यांनी १९८२ साली जे केलं, ते आज कोणतीही समिती सहज मंजूर करणार नाही. ऑर्कनीतल्या इडे बेटावरचे, तीन जोडण्या असलेले उंदीर त्यांनी फोर्थच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या आयल ऑफ मे या चिमुकल्या बेटावर नेऊन सोडले. तिथे आधीपासून ४० गुणसूत्रांचे उंदीर नांदत होते.

पुस्तकी हिशेबाने पाहुण्यांचा वंश टिकायला नको होता. प्रत्येक संकरित पिल्लाच्या पेशीत तीन साखळ्या, म्हणजे तीन ठिकाणी चूक होण्याची शक्यता. झालं उलटंच. स्थानिकांशी त्यांचा झपाट्याने संकर झाला आणि इडेची जनुकं बेटभर पसरली. त्यांच्याबरोबर जोडगुणसूत्रंही पसरली.

१९९२ साली सर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केथनेसच्या सीमापट्ट्यातल्या रानटी उंदरांच्या वृषणातलं विभाजन तपासलं, तेव्हा एकेक साधी जोडणी असलेल्या नरांत वाटणीच्या चुका थोड्याच आढळल्या. म्हणजे तंबाखू-उंदराच्या प्रयोगात दोष एकट्या जोडणीचा नव्हता. एकदम सात साखळ्या आणि एकमेकांना कधी न भेटलेले दोन वंश, या दोन्हींचा तो एकत्रित परिणाम होता. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात दिसलेलं सत्य शेताच्या बांधावर पुन्हा तपासून घ्यावं लागतं, हे मी या उंदरांकडून शिकलो.

खेचर का वांझ, आणि त्याचा भाऊ का नाही

घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. विषम संख्या, म्हणून वांझ. हे उत्तर शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. एडिनबरोमधल्या ॲन चँडली व रॉजर शॉर्ट आणि केंब्रिजमधले ट्विंक ॲलन या मंडळींनी १९७४ साली या उत्तरातली त्रुटी दाखवली. मंगोलियाच्या रानटी प्रझेवाल्स्की घोड्याची गुणसूत्रं ६६. पाळीव घोड्याशी त्याचा संकर झाला की शिंगराला ६५ मिळतात. हाही आकडा विषमच. तरीही हा संकरित घोडा सुपीक असतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सगळी गुणसूत्रं नीट जोडीने उभी होती आणि एकाच ठिकाणी तिघांची साखळी होती. खेचराच्या पेशीत मात्र घोड्याची आणि गाढवाची गुणसूत्रं एकमेकांना ओळखतच नाहीत. त्यांच्यात एका जोडणीपेक्षा कितीतरी जास्त उलथापालथ झालेली आहे. जोड्या लागत नाहीत आणि शुक्राणू बनण्याचं काम मध्येच बंद पडतं.

टोकाचं उदाहरण हवं तर आपलं भेकर पाहा. सह्याद्रीत कुत्र्यासारखं भुंकणारं हे हरिण. भारतीय भेकराच्या मादीत गुणसूत्रं अवघी ६ आणि नरात ७. सस्तन प्राण्यांत एवढा छोटा आकडा दुसरीकडे नाही. डोरिस वुर्स्टर आणि कुर्ट बेनिर्श्के यांनी १९७० साली तो प्रसिद्ध केला. याच्या चिनी भाऊबंदाची गुणसूत्रं ४६. केंब्रिजमध्ये माल्कम फर्ग्युसन-स्मिथ, फेंगतांग यांग आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात चिनी भेकराची गुणसूत्रं रंगीत खुणा करून भारतीय भेकराच्या गुणसूत्रांवर बसवून पाहिली, तेव्हा एकामागून एक झालेल्या जोडण्यांची रांगच उलगडली.

ही दोन्ही भेकरं विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बेडफर्डशरच्या वोबर्न पार्कमध्ये ठेवलेली होती. तिथून सुटलेली चिनी भेकरं आज इंग्लंडच्या रानांत आणि बागांत सर्रास दिसतात. ती दोघांच्या संकरातून झाली असावीत, असं बरीच वर्षं बोललं जायचं. चीनमध्ये कुनमिंगच्या शास्त्रज्ञांनी असा संकर प्रत्यक्ष करून पाहिला. जन्मलेल्या नरात २७ गुणसूत्रं होती आणि तो वांझ होता. इंग्लंडभर पसरायचं तर पुढची पिढी लागते, तेव्हा वोबर्नची ती वदंता मोडीत निघाली.

पाच टक्क्यांचा वळू

गोठ्यातली गोष्ट वेगळी, कारण तिथे पैशांचा हिशेब असतो. गाईची गुणसूत्रं ६०. स्वीडनचे इंगमार गुस्ताव्हसन यांनी १९६०च्या दशकात तांबड्या-पांढऱ्या स्वीडिश जनावरांत १ आणि २९ क्रमांकांची गुणसूत्रं जोडलेली पाहिली. वळू धडधाकट, रेतही चांगलं. पण त्याच्या आणि त्याच्या मुलींच्या नोंदी वर्षानुवर्षं मांडल्या तेव्हा गाभ राहण्याचं प्रमाण साधारण पाच टक्क्यांनी घसरलेलं निघालं. काही गर्भ इतक्या लवकर जातात, की शेतकऱ्याला फक्त ‘गाय उलटली’ एवढंच कळतं. एका गोठ्यात हे लक्षातही येत नाही. पण कृत्रिम रेतनाने एका वळूचं रेत हजारो गाईंपर्यंत पोचतं, आणि मग पाच टक्के म्हणजे मोठं नुकसान.

ब्रिटनमध्ये ग्लासगोच्या पशुवैद्यकांनी अशा वळूंच्या वृषणातली साखळी तपासली. पांढऱ्या अंगाच्या, काळ्या कानांच्या जुन्या ब्रिटिश व्हाइट जातीच्या एका कळपात तर ही जोडणी कमालीच्या प्रमाणात असल्याचं १९७५ साली प्रसिद्ध झालं. लहान कळप, मोजके वळू, त्यामुळे जोडणी कळपात मुरली होती. त्यांच्या वंशाचा अंत मात्र झाला नाही. पुढे अनेक देशांनी रेतनाचे वळू निवडण्याआधी गुणसूत्रं तपासायला सुरुवात केली. भारतातल्या रेत-केंद्रांच्या नियमावलीतही ही तपासणी आहे.

गाइज हॉस्पिटलची मुलगी

आता पुन्हा फोर्ड. १९५९ साली पॅरिसहून बातमी आली, की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत ४७ गुणसूत्रं असतात. एकविसावं एक जास्तीचं. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले पॉल पोलानी यांनी एका तरुण आईच्या मुलीचा नमुना तपासायला घेतला. आईचं वय वाढलं की हा धोका वाढतो, हे माहीत होतं. मग तरुण आईच्या पोटी हे कसं? फोर्ड आणि मंडळींनी मोजलं तर मुलीची गुणसूत्रं ४६ भरली. डाउनची सगळी लक्षणं, आणि आकडा मात्र चारचौघांसारखा. नुसती मोजणी करून थांबणारा इथे फसला असता. पण फोर्ड यांच्यामागे श्रूंवर केलेलं काम होतं. एक गुणसूत्र नेहमीपेक्षा वेगळं दिसत होतं आणि त्यात जास्तीचं एकविसावं जोडलेलं होतं. १९६० साली लॅन्सेटमध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास हॅमरटनही पोलानींच्या गाइजमधल्या विभागात दाखल झाले. चिचुंद्रीच्या चुलत बहिणीवर घासलेली नजर माणसाच्या दवाखान्यात कामी आली.

आज आपल्याला माहीत आहे, की साधारण हजारात एक माणूस अशी जोडणी घेऊन हिंडत असतो. त्याच्या पेशींत ४५ गुणसूत्रं असतात आणि प्रकृती उत्तम असते. सगळ्यात जास्त आढळते ती १३ आणि १४ची जोडणी. वारंवार गर्भपात झाले किंवा शुक्राणूंची संख्या फार कमी निघाली, की तपासणीत ती पहिल्यांदा उघडकीला येते.

इथेही एक कोडं आहे. १४ आणि २१ची जोडणी आईकडे असेल, तर डाउन सिंड्रोम असलेलं मूल होण्याची शक्यता साधारण १० ते १५ टक्के असते. तीच जोडणी वडिलांकडे असेल, तर एक-दोन टक्क्यांच्या आत. कारण दोघांच्या शरीरांतली शिस्त वेगळी. वृषणात जोडी नीट न जमलेली पेशी बहुतांशी तिथेच मारली जाते. त्यामुळे पुरुषात शुक्राणू कमी होतात, पण चुकीचे शुक्राणू पुढे कमी जातात. अंडाशयातला पहारा सैल असतो आणि चुकीची वाटणी झालेलं अंडंही पुढे जाऊ शकतं. उंदरांच्या माद्यांवर झालेल्या कामातून आणखी एक गोष्ट कळली. अंडं बनताना निम्मी गुणसूत्रं फेकून दिली जातात, आणि कोणती राहतील हे दरवेळी नाणेफेकीसारखं निष्पक्ष नसतं. ज्याचा गुणसूत्रबिंदू, म्हणजे विभाजनात गुणसूत्र जिथून ओढलं जातं ती जागा, जास्त प्रबळ, त्याचं पारडं जड. काही वंशांत जोडण्या झपाट्याने का साठत गेल्या, याचं एक उत्तर इथे आहे.

अहवाल समजून घ्यायला समोर बसलेलं जोडपं मात्र हे सगळं ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नसतं. अहवालावर ‘ट्रान्सलोकेशन’ लिहिलेलं असतं, आणि त्या बाईला आपल्यात काहीतरी मोडलंय असं वाटत असतं. घरच्यांनी बोट तिच्याकडेच दाखवलेलं असतं. अशा वेळी मी आधी माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राबद्दल सांगतो. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांची गुणसूत्रं ४८ आहेत. आपली ४६ आहेत, कारण आपल्या कुठल्यातरी पूर्वजात दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून जुळली आणि तेच आपलं दुसरं गुणसूत्र झालं. ती जोडणी पहिल्यांदा ज्याच्यात झाली, त्याच्याही पेशीत तिघांची साखळी उभी राहिली असणार. त्याची काही बाळं पोटातच गेली असतील. पण बाकीची जगली, आणि त्यांच्याच वंशातले आपण सगळे आहोत: डॉक्टर, तंत्रज्ञ, सासूबाई आणि ती स्वतः. एवढं तिच्या मनात रुजलं, की मग मी टक्केवारीचा कागद पुढे करतो.